झोन काल आला, आज गायब: वनौषधींच्या अर्काची प्लेट फसते तेव्हा

जानेवारी उजाडला की आमच्या लॅबच्या दारात एकच वाक्य ऐकू येतं. "मॅडम, दिवाळीआधी सतरा मिलिमीटर आला होता, आता काहीच येत नाहीये." एमएस्सीच्या प्रोजेक्टांचा हा हंगाम. कोणी कुड्याची साल आणलेली असते, कोणी कोवळं बेलफळ, कोणी पेरूची पानं, कोणी आजी जुलाबावर द्यायची म्हणून डाळिंबाची साल. समोर ई. कोलाय, साल्मोनेला, शिगेला हे पोट बिघडवणारे जंतू. एखाद्या ठिकाणी कॉलऱ्याचा व्हिब्रिओ कॉलरीसुद्धा. मुलर-हिंटन अगरची (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाची) प्लेट, तिच्यावर जंतूंचं लॉन (एकसारखा थर), वेल (खड्डा) पाडून त्यात अर्क, इनक्युबेटरमध्ये १८ तास, आणि सकाळी पट्टी घेऊन झोन, म्हणजे अर्काभोवतीचं जंतू न वाढलेलं मोकळं वर्तुळ, मोजायचा. ऐकायला सोपं आहे. तरी दर वर्षी तोच घोळ होतो, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

झोन आला नाही यात वनस्पतीचा दोष फार कमी वेळा असतो. आणि झोन दणदणीत आला तर श्रेय तिचंच असतं असंही नाही. ही दुसरी गोष्ट ऐकून घ्यायला कोणी तयार नसतं, कारण तोवर फोटो काढून झालेला असतो.

अर्क बाजूला ठेवा, आधी जेंटामायसिन लावा

पहिला प्रश्न मी हाच विचारते: कंट्रोलचा, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या ठरलेल्या औषधाचा, झोन किती आला? उत्तर बहुधा "आला होता" असं मिळतं. किती ते वहीत नसतं.

ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा प्रमाणित स्ट्रेन (वाण) घ्या, त्याच्यावर जेंटामायसिन या अँटिबायोटिकची १० मायक्रोग्रॅमची डिस्क ठेवा. झोन १९ ते २६ मिलिमीटरमध्ये यायला हवा. त्या हद्दीत असेल तर तुमची प्लेट, कल्चर आणि हात जागेवर आहेत. ३० आला तर अगर पातळ ओतलंय किंवा कल्चर विरळ आहे. १५ आला तर उलटं, नाहीतर डिस्क फ्रीजच्या दारात सिलिका जेलशिवाय पडून दमट झाल्या आहेत. हा आकडा हद्दीबाहेर असताना अर्काच्या झोनवर चर्चा करण्यात अर्थ नाही. सगळं झाल्यावर शेवटी कंट्रोल लावणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

अगरची जाडी ४ मिलिमीटर हवी. ९० मिलिमीटरच्या प्लेटला सुमारे २५ मिली लागतं. मुलं मीडिया वाचवायला १५ मिलीत भागवतात आणि मग दोन बॅचचे झोन जुळत नाहीत म्हणून हैराण होतात. ओटा सपाट आहे का तेही बघा. आमचा एक ओटा खिडकीकडे उतरता आहे. त्याच्यावर ओतलेल्या प्लेटीत झोन अंडाकृती यायचे आणि तीन वर्षं आम्ही त्याचा दोष स्वॅबला देत होतो. शेवटी एका मुलाने खिशातली गोटी ठेवली, ती घरंगळत गेली.

कल्चरची दाटी ०.५ मॅकफार्लंड (हे गढूळपणाचं माप), म्हणजे साधारण १ ते २ गुणिले १० चा आठवा घात इतके जंतू दर मिलीला. "थोडं धुरकट दिसेपर्यंत" हे माप नव्हे. स्टँडर्ड घरी करता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं ०.०५ मिली आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्लाचं ९.९५ मिली. पण बेरियम सल्फेट तळाला बसतं. नळी नीट न हलवता वरचं नितळ पाणी बघून जुळवलं, तर कल्चर दसपट विरळ जातं आणि झोन फुगतात. "दिवाळीआधी सतरा" यातले काही सतरा असे असतात. जुळवल्यावर पंधरा मिनिटांत स्वॅब फिरवून मोकळे व्हा, तोवर चहाला जाऊ नका.

स्लँटवर लिहिलंय शिगेला, आत काय आहे?

मागच्या बॅचने पुढच्या बॅचला दिलेली, तिने आणखी पुढे दिलेली स्लँट (तिरक्या अगरवर जंतू जपलेली नळी) ही आमच्याकडची वंशपरंपरागत इस्टेट आहे. एकदा एका मुलाच्या शिगेलाच्या स्लँटवरून मॅककाँकी अगरवर रेघ मारून घेतली. सकाळी प्लेट गुलाबी. शिगेलाच्या वसाहती तिथे रंगहीन दिसायला हव्यात. गुलाबी म्हणजे लॅक्टोज फस्त करणारा कोणीतरी, बहुधा ई. कोलाय. त्या मुलाने चार महिने "शिगेलावर परिणाम" तपासला होता. एक्सएलडी अगरवर तर आणखी सरळ दिसतं: साल्मोनेला काळ्या ठिपक्याची, शिगेला लालसर पण काळ्या ठिपक्याविना, ई. कोलाय पिवळी. एक प्लेट, एक रात्र, एवढंच लागतं.

कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या जंतूंच्या संग्रहांकडून मागवा, आल्याबरोबर ग्लिसरॉलमध्ये साठे करून गोठवा आणि कामाला दर वेळी साठ्यातून नवीन काढा. आणि एक वडीलकीचं: शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. तोंडाने पिपेट ओढणं, लॅबमध्ये डबा उघडणं, मोबाइल ओट्यावर ठेवणं, सगळं बंद. वापरलेल्या प्लेटी ऑटोक्लेव्ह झाल्याशिवाय कचऱ्यात जायच्या नाहीत.

वेल म्हणजे खड्डा

गुळवेल नव्हे. कॉर्क बोररने पाडलेला ६ किंवा ८ मिलिमीटरचा खड्डा. इथे दोन घोटाळे होतात. पहिला: अगरचा तुकडा सुईने उपसताना कडेचं अगर प्लेटपासून सुटतं, आणि अर्क बाजूला पसरायच्या ऐवजी खालून झिरपत जातो. झोन वेडावाकडा दिसतो, किंवा झोन नाही पण प्लेटच्या तळाशी तपकिरी ओघळ दिसतो. उपाय जुनाच आहे: वेलच्या तळाशी वितळलेल्या अगरचा एक थेंब टाकून बूड बंद करा. दुसरा घोटाळा वहीत होतो. वेल ८ मिलिमीटरचा आणि झोनच्या रकान्यात "८ मिमी". म्हणजे शून्य. असे तक्ते मी छापलेलेही पाहिले आहेत.

अर्क घातल्यावर प्लेट लगेच ३७ अंशांवर ढकलू नका. तासभर थंड जागी ठेवली तर अर्काला पसरायला वेळ मिळतो. मात्र हे दर वेळी करा किंवा कधीच करू नका. अर्ध्या प्लेटींना तास मिळाला आणि अर्ध्यांना नाही, की झालं.

वेलभोवती झोनऐवजी पांढरट, सुरकुतलेली वाढ बाहेर रांगताना दिसली तर ती तुमच्या चूर्णातल्या बॅसिलसची आहे. उन्हात वाळवलेल्या सालीत त्याचे बीजाणू असतातच. अर्क ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून घ्यायला हवा, पण कोणत्या फिल्टरमधून? सेल्युलोज नायट्रेटचा पडदा डीएमएसओत (अर्क विरघळवायच्या द्रावकात) विरघळतो. आमच्याकडे एकाने सिरिंज दाबली आणि फिल्टरची लापशी बाहेर आली. नायलॉन टिकतो, पण टॅनिनसारखी पॉलिफेनॉल धरून ठेवतो, म्हणजे औषध फिल्टरला आणि जंतूंना उरलेलं पाणी. पाण्यात भिजणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) फिल्टर घ्या.

ओव्यावर काम करणाऱ्यांनी आपल्या प्लेटी वेगळ्या डब्यात ठेवाव्यात. थायमॉल उडून शेजारच्या प्लेटींवरही काम करतो आणि मग शेजारणीच्या रिकाम्या वेललाही "परिणाम" दिसतो.

झोन आला, पण कोणामुळे?

आता मुख्य भानगड. कोकमाच्या आमसुलांचा पाण्यातला अर्क घ्या, कोणत्याही आतड्याच्या जंतूवर लावा. झोन येतो, स्वच्छ, गोल, देखणा. मग त्याच अर्काचा पीएच बघा. जोरदार आम्लधर्मी. आता तेवढ्याच पीएचचं साधं सायट्रिक आम्ल शेजारच्या वेलमध्ये घाला. तिथेही झोन. व्हिब्रिओ कॉलरी तर आम्लाला इतका नाजूक की त्याच्यावर लिंबू पिळलं तरी कौतुक करावं असा झोन मिळेल. चिंच, आवळा, लिंबू, कोकम, कैरी या सगळ्यांची हीच कथा. अर्काचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ७ च्या आसपास आणा आणि परत लावा. झोन टिकला तर पुढे बोलू. पीएच बदलताना काही पदार्थ तळाला बसले तर तेही लिहून ठेवा. आम्ल हा कोकमाचाच गुण आहे, त्याला नाकारायचं कशाला, असं कोणी म्हणेल. पण आम्ल जंतू मारतं हे शोधायला कोकम लागत नाही.

दुसरा चोर म्हणजे द्रावक. गेल्या वर्षीच्या त्या सतराची गोष्ट सांगते. मुलगी कोकणातली, कुड्याची साल तिने स्वतः परसातून आणली होती. सॉक्सलेटने मिथेनॉलमध्ये अर्क काढला, वॉटर बाथवर आटवला आणि काकवीसारखा चिकट झाला तेव्हा "सुकला" म्हणून वापरला. कंट्रोलच्या वेलमध्ये होतं डिस्टिल्ड वॉटर. ई. कोलायवर सतरा मिलिमीटर. सुट्टीनंतर तिने तोच अर्क काढला, पण या वेळी रोटाव्हॅपवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) ४० अंशांना नीट सुकवला, चूर्ण हाताला कोरडं लागेपर्यंत डेसिकेटरमध्ये ठेवला, डीएमएसओत विरघळवला, कंट्रोलला डीएमएसओ घेतलं. सगळं बरोबर. आणि झोन शून्य.

बिचारी रडवेली झाली होती. मी म्हटलं, अगं, तुझा दुसरा प्रयोग चांगला आहे, पहिला वाईट होता. पहिल्या अर्कात मिथेनॉल उरलं होतं आणि त्याच्यासाठी कंट्रोलच नव्हता. आम्ही साधं मिथेनॉल वेलमध्ये भरून बघितलं, झोन आला. कंट्रोलमध्ये अर्क सोडून बाकी सगळं तेच आणि तेवढंच हवं. डीएमएसओही पूर्ण ताकदीचं भरलं तर स्वतःचा झोन देऊ शकतं.

खरंच झोन नाही, तेव्हा

तिची दुसरी प्लेट मी उजेडाकडे धरून तिरकी केली. वेलच्या कडेला, आतल्या बाजूने, तपकिरी कडं चिकटलेलं होतं, पितळी भांड्याला चहाचा डाग बसतो तसं. डीएमएसओत सगळं छान विरघळतं, पण तो थेंब अगरमधल्या पाण्याला भेटला की पाण्यात न विरघळणारे पदार्थ तिथल्या तिथे साका होऊन बसतात. ते जंतूंपर्यंत पोचलेच नाहीत, मग मारणार कोणाला?

झोन किती पसरतो ते पदार्थाच्या ताकदीइतकंच त्याच्या पसरण्यावर ठरतं. कोलिस्टिन हे पक्कं, दवाखान्यात शेवटचा उपाय म्हणून वापरलं जाणारं औषध, तरी त्याची तपासणी डिस्कवर भरवशाची होत नाही, कारण ते अगरमधून नीट पसरत नाही. त्याला ब्रॉथ (पातळ माध्यमातली) पद्धतच लागते. औषधाची ही गत, तर सालीतल्या मिश्रणाची काय सांगावी. म्हणून "अ वनस्पतीचा झोन १४ आणि ब चा ११, सबब अ सरस" हे वाक्य प्रबंधातून काढून टाका.

टॅनिनवाल्या साली वेगळा त्रास देतात: हिरडा, बाभूळ, डाळिंब, जांभूळ. टॅनिन प्रथिनांना चिकटतात. जिलेटिनच्या १ टक्का द्रावणात अर्काचे थेंब टाका, पटकन गढूळ झालं तर टॅनिन भरपूर आहेत. पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पावडरने ते काढून अर्क पुन्हा तपासता येतो. परिणाम त्यांच्यासोबत गेला तर तुम्हाला तुमचा कर्ता सापडला.

आणि स्टॅफिलोकॉकसवर झोन येतो पण ई. कोलायवर नाही, हे तर चुकीचं लक्षणच नव्हे. आतड्यात रोग करणारे हे बहुतेक जंतू ग्रॅम-निगेटिव्ह. त्यांना बाहेरून लिपोपॉलिसॅकराइडचं जादा कवच असतं, आणि आत शिरलेलं बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींमधले पुष्कळ पदार्थ तिथेच अडतात.

कुड्याच्या बाबतीत आणखी एक तपासणी मी सक्तीची केली आहे: हा कुडा कोणता? पांढरा कुडा म्हणजे होलॅरिना, ज्याच्या सालीत कोनेसीन हा अल्कलॉइड असतो. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. बाजारात दोन्हींच्या साली एकमेकींत मिसळतात. बियांनाही इंद्रजवच म्हणतात, एक कडू, एक गोड. कडू तो होलॅरिनाचा. लॅबमध्ये चव घेऊन बघू नका. पानं, फुलं, शेंगेसकट डहाळी वाळवून पुण्याच्या आघारकर संस्थेत, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयात किंवा मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये ओळख करून घ्या. दुकानातून आणलेल्या सालीच्या पुड्यावरून कोणीही काही सांगू शकणार नाही.

ब्रॉथमध्ये गेलात तरी सुटका नाही

कुडावाल्या मुलीला मी ९६ खड्ड्यांच्या प्लेटवर पाठवलं. एमआयसी (वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा) काढायची, पसरण्याचा प्रश्नच नको. दुसऱ्या दिवशी सगळे खड्डे गढूळ, ज्यात जंतू घातलेच नव्हते तेसुद्धा. अर्क ब्रॉथमधल्या पेप्टोनला भेटून साका झाला होता, वाढ नव्हती. म्हणून अर्क आणि ब्रॉथ, जंतूंविना, अशी एक पूर्ण ओळ प्रत्येक मात्रेसाठी ठेवा.

मग रंग घाला म्हणतात. टीटीसी घातलं की जिवंत जंतू त्याला लाल करतात, रेसाझुरिन निळ्याचं गुलाबी होतं. पण पॉलिफेनॉल स्वतःच क्षपणकारक असतात. जंतू नसतानाही रंग बदलवू शकतात. पुन्हा तीच ओळ कामाला येते. सगळ्यात भरवशाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं: प्रत्येक खड्ड्यातून ५ मायक्रोलिटर ताज्या अगरवर थेंब ठेवा आणि सकाळी वसाहती बघा. अर्काच्या रंगाचा, गढूळपणाचा सगळा तमाशा तिथे संपतो, आणि जंतू मेले की नुसते थांबले तेही कळतं.

डीएमएसओ शेवटच्या मिश्रणात १ टक्क्याच्या आसपास ठेवा. जंतू शेवटी ५ गुणिले १० चा पाचवा घात दर मिली.

मात्रेचं भान मात्र इथेच येतं. वेलमध्ये आपण १०० मिलिग्रॅम दर मिलीचा अर्क ५० मायक्रोलिटर घालतो, म्हणजे ५ मिलिग्रॅम. शेजारी सिप्रोफ्लॉक्सासिनची डिस्क ५ मायक्रोग्रॅमची. हजारपट फरक, आणि खाली लिहिलेलं असतं "प्रमाणित औषधाच्या तोडीस तोड". कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅम दर मिलीच्या खाली आली तर उठून बसावं. १ मिलिग्रॅमच्या वर गेली तर शांतपणे नोंद करून पुढे जावं, असा या क्षेत्रातला सर्वसाधारण संकेत आहे.

आणि एकाच प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगळा दिवस, वेगळं कल्चर, जमलं तर वेगळ्या झाडाची साल.

एवढं करूनही शून्य

मग प्रश्नच तपासायचा. कुडा आवेवर देतात. पण आव म्हणजे नेहमी जंतूच असं कुठे आहे? अमीबाच्या आवेत रोगकर्ता एन्टअमीबा हिस्टोलिटिका, तो बॅक्टेरिया नाहीच. कुड्याच्या अल्कलॉइडांची जुनी कीर्ती मुख्यतः त्याच आवेवरची. ई. कोलायच्या प्लेटवर ती दिसावी हा हट्ट आपला.

बेलाचं उदाहरण तर मी दर वर्षी देते. मुंबईच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चच्या गटाने २००९ मध्ये कोवळ्या बेलफळाच्या काढ्यावरचं काम प्रसिद्ध केलं. सहा बॅक्टेरिया स्ट्रेन तपासले, एकाच्याही जगण्यावर काढ्याचा परिणाम झाला नाही. आपल्या प्लेटवर हा शून्यच दिसला असता आणि प्रोजेक्ट बदलला असता. त्यांनी पुढे बघितलं: जंतूंचं पेशींना चिकटणं आणि आत शिरणं काढ्याने लक्षणीय कमी झालं, कॉलराच्या विषाची निर्मिती आणि त्याचं जीएम१ या ग्राहकाला बसणं यांवरही परिणाम झाला. जिआर्डिया आणि रोटाव्हायरसवर तर काढा सरळ मारक ठरला. त्याच गटाला पेरूच्या पानांच्या काढ्यात मात्र शिगेला फ्लेक्सनेरी आणि व्हिब्रिओ कॉलरीवर थेट मारक गुणही दिसला. दोन्ही घरगुती औषधं, दोन्ही जुलाबावरची, आणि काम करण्याची तऱ्हा निराळी.

चिकटण्याची तपासणी करायला पेशींचं कल्चर लागतं, ते आमच्यासारख्या कॉलेजात नाही. मग निदान निष्कर्षाचं वाक्य नीट लिहा. कुडावाल्या मुलीने आधी लिहिलं होतं: "कुड्याची साल ई. कोलायवर निष्प्रभ आहे." आम्ही ते खोडलं. शेवटी प्रबंधात गेलं ते असं: "वापरलेल्या नमुन्याच्या मिथेनॉल अर्काने, तपासलेल्या सर्वोच्च मात्रेपर्यंत, ब्रॉथमध्ये या स्ट्रेनची वाढ थांबली नाही, अगरवरील तपासणीत अर्क वेलच्या कडेला साकळला, सबब ती ग्राह्य धरलेली नाही." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला तो वेलच्या कडेबद्दल. तिच्याकडे फोटो होता, तिरक्या उजेडात काढलेला.